दिव्यांतलें तेल



ज्वारीचीं कणसें भरूं लागलीं म्हणजे आपल्या फुलसावंगीच्या शिवारांत रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरें केव्हां येतील याचा नेम नसतो, म्हणूनच मचाणावरचा माणूस झोंपत नाहीं. प्रभूच्या पुनरागमनाची घटका कोणासहि ठाऊक नाहीं, हें शेतकऱ्यास वेगळें शिकवावें लागत नाहीं. परंतु जागणें म्हणजे आकाशाकडे पाहत बसणें नव्हे. थेस्सलनीका येथील पहिल्या ख्रिस्ती मंडळींत प्रभूचा दिवस आलाच अशी आवई उठली होती, आणि कांहीं जण कामधंदा सोडून हिंडत होते. संत पौलास त्यांची कानउघाडणी करावी लागली.

दहा कुमारिकांच्या दाखल्यांत एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. वरास उशीर झाला तेव्हां दहाहि जणींस झोंप लागली, शहाण्यांस देखील. भेद होता तो केवळ तेलाचा. हें तेल सांठविणें म्हणजे काय, याचें उदाहरण आपल्या मराठी भाषेच्या इतिहासांतच आहे.

इंग्लंडांत जन्मलेले येशुसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. साष्टी प्रांतांतील नवख्रिस्ती जनांस जुनीं पुराणें सुटल्यावर ऐकावयास कांहींच उरलें नव्हतें. त्यांच्यासाठीं फादरांनीं सुमारें ११,००० ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ग्रंथावरील पोर्तुगीज नांवाचा अर्थच मुळीं ‘आपल्या तारकाच्या जगांतील आगमनाविषयीं निरूपण’ असा आहे. पहिल्या पुराणांत तारकाची वाट पाहणारें जग, दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र. देवळांत रविवारीं व सणावारीं तें वाचलें जाई. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें गेलें.

पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें फर्मान काढिलें कीं, प्रजेनें तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. एका ख्रिस्ती राजसत्तेनेंच असें करावें, हें लिहितांना खेद होतो. छापील ग्रंथ नाहींसे झाले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु घरोघर भाविकांनीं हातानें नकला केल्या होत्या. जुनी प्रत जीर्ण झाली कीं नवी उतरावयाची, असें पिढ्यान्‌पिढ्या चाललें. गोवा सोडून दक्षिणेकडे कानडा प्रांतीं गेलेल्या कुटुंबांनीं हें पुराण बरोबर नेलें. १७८४ सालीं टिपू सुलतानानें तेथील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ सालच्या मे महिन्यांत तें शहर पडेपर्यंत, म्हणजे १५ वर्षें, ते बंदींत होते. धर्मगुरू नाहीं, मिस्सा नाहीं, सुटकेची तिथि ठाऊक नाहीं. अशा दिवसांत या ओव्यांनींच त्यांस धीर दिला, असें परंपरा सांगते.

अखेर १९०७ सालीं जे. एल. सालढाणा यांनीं हस्तलिखितें ताडून मंगळूर येथें हें पुराण छापविलें. १६५४ पासून २५३ वर्षें तें केवळ हस्तलिखितांच्या आधारें जगलें! १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढिली, तेव्हां तें सर्व महाराष्ट्रास वाचतां येऊं लागलें.

येत्या आगमनकाळांत दर रविवारीं सायंकाळीं आपल्या देवळांत या पुराणाचें वाचन होईल. कापसाची वेचणी आटोपून येणारांसाठीं दिवेलागणीनंतरची वेळ ठेविली आहे. विजेचा भरंवसा नाहीं. तरी ज्यानें त्यानें आपापला कंदील आणावा.