भेगा पाडणारी माती

नागपूरच्या अमरावती रोडवर, एकाच पिनकोडवर, दोन संस्था आहेत. एक आपली एलआयटी, म्हणजे पूर्वीची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून ती 1942 साली सुरू झाली. दुसरी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो. एकीकडे तेलाचं रसायन शिकवतात, दुसरीकडे माती तपासतात. पण या दोन गोष्टी कधीकाळी एकाच भट्टीत होत्या, हे फारसं कुणी सांगत नाही.

विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरांच्या भिंती तडकतात त्या याच मातीपायी. दोष तिच्यातल्या स्मेक्टाइट गटाच्या खनिजांचा. त्यांचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. तो सांभाळायला मध्ये सोडियम, कॅल्शियम बसतात आणि त्यांच्यासोबत पाणीही शिरतं. तोंडाला लावायची मुलतानी मातीसुद्धा साधारण याच कुळातली.

आता हीच माती सल्फ्युरिक आम्लात उकळा. सोडियम-कॅल्शियम निघून जातात, त्यांच्या जागी प्रोटॉन येतात. पापुद्र्यांतलं थोडं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियमही विरघळतं आणि छिद्रं पडतात. ग्रॅमभर मातीत दोन-तीनशे चौरस मीटर पृष्ठभाग मोकळा होतो! त्या आम्लधर्मी पृष्ठभागावर जड तेलाचे लांबलचक रेणू तुटून पेट्रोल होतं. याला क्रॅकिंगच म्हणतात.

हे कारखान्यात उतरवलं यूजीन हूड्री या फ्रेंच माणसाने. शिक्षणाने यंत्र अभियंता, पहिल्या महायुद्धात रणगाड्यावर, आवड मोटारींच्या शर्यतीची. त्याची खरी अडचण मातीची नव्हती, काजळीची होती. काही मिनिटांतच उत्प्रेरकावर कार्बन चढायचा आणि काम थांबायचं. इतर लोक इथेच नाद सोडत. हूड्रीने साधारण दर दहा मिनिटांनी तेल बंद करून हवा सोडली आणि काजळी जाळून टाकली. तेवढ्यात दुसऱ्या टाकीत काम सुरू. 1937 मध्ये सन ऑइलच्या मार्कस हुक रिफायनरीत मोठं युनिट लागलं. एलआयटीचे दरवाजे उघडले त्या वर्षी अशा युनिटांतून मित्रराष्ट्रांच्या विमानांसाठी इंधन निघत होतं.

मग आपली काळी माती का नाही? मला यातलं एक कारण महत्त्वाचं वाटतं: लोह. बेसाल्टची झीज होऊन बनलेल्या आपल्या मातीत ते भरपूर. गंधक जास्त असलेल्या तेलात लोहयुक्त माती लवकर बिघडते, काजळी वाढते आणि पेट्रोल घटतं. उत्प्रेरकासाठी निवडलेली बेंटोनाइटसुद्धा या त्रासातून सुटली नव्हती. म्हणून कृत्रिम सिलिका-अ‍ॅल्युमिना आलं, आणि 1960च्या दशकात झिओलाइटने सगळ्यांनाच मागे टाकलं.

1970च्या दशकात, तेलसंकटाच्या काळात, मातीला पुन्हा बोलावणं आलं. पापुद्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे मोठे आयन घुसवायचे, तापवायचे, की ते खांबासारखे उभे राहतात आणि वर-खाली जागा कायम उघडी राहते. कल्पना झकास! पण काजळी जाळताना तयार होणाऱ्या प्रचंड तापलेल्या वाफेत ते खांब कोसळायचे. झिओलाइट टिकायचं.

तरी माती हद्दपार झाली नाही. आजच्या क्रॅकिंग उत्प्रेरकाच्या बारीक दाण्यात झिओलाइटच्या जोडीला बहुधा केओलिन असते. ती पांढरी माती, पाण्यात न फुगणारी.