अधिकार आणि अनवधान

सत्तेचा जुलूम म्हटला कीं उगारलेली तलवार आपल्या डोळ्यांपुढें येते. जुलूम करणारा मनाचा दुष्टच असला पाहिजे, असें आपण गृहीत धरतों. आज ज्या पत्राविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यांत मात्र दुष्ट असा कोणीच नाहीं. त्यांत आहेत गवताच्या गंजी, बेफिकीर शिपाई आणि एक उंदीर.

हें पत्र शिवछत्रपतींचें. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यापूर्वीच्या, १६७३-७४ च्या सुमाराच्या एका उन्हाळ्यांतील हें पत्र आहे. लष्कराची छावणी चिपळुणास होती. पावसाळ्यासाठीं दाभोळच्या सुभ्यांत जमविलेला दाणावैरणीचा सांठा बराचसा आधींच संपून गेला होता. वैशाखाचे दिवस अजून सरले नव्हते. गडागडांवरचा गल्ला देववून पागेची कशीबशी तरतूद केली होती. अशा वेळीं छावणींतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस महाराजांनीं हें पत्र धाडिलें.

त्यांतील विचारांची सांखळी पाहण्यासारखी आहे. आज दाणा व गवत मनास येईल तसें उधळाल, तर ऐन पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं. घोडीं उपाशी मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्ही गांवांत शिराल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सर्पण, कोणी भाजीपाला. जे कुणबी कसाबसा जीव धरून राहिले आहेत, तेही घरें सोडून जातील. कित्येक उपाशी मरतील. मोगलांपेक्षांही तुम्ही वाईट, असें रयतेस वाटेल, आणि तिचा तळतळाट तुम्हांस लागेल. तेव्हां रयतेस काडीचाही उपद्रव देऊं नका. खजिन्यांतून तुमच्या वांटण्या तुम्हांस पोंचल्या आहेत. जें लागेल तें बाजारांत जाऊन विकत घ्या.

यानंतर आगीची गोष्ट येते. कोणी स्वयंपाक करील, कोणी आगटी पेटवील, कोणी वारा न पाहतां चिलीम ओढील, कोणी रात्रीं दिवा तसाच ठेवून निजेल, आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. गवतास आग लागली कीं सारें भस्म होईल. पुढें कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांस धाक दिला, तरी पागा उभारण्यास एक लांकूडही मिळणार नाहीं.

राज्य चालविणाऱ्या पुरुषानें उंदराचा विचार करावा, याचें प्रथमदर्शनीं हंसूं येतें. पण या उंदरांतच पत्राचें सार आहे. हवालदारास कोणाचेंही वाईट करावयाचें नव्हतें. त्यानें फक्त लक्ष दिलें नाहीं. त्याच्या दुर्लक्षानें तूट पडते, आणि तूट पडली कीं हातांत शस्त्र असलेला माणूस ती भरून काढतो, ती ज्याच्या हातांत शस्त्र नाहीं त्याच्या घरांतून. म्हणून सत्ता असलेल्या माणसाचें अनवधान हा केवळ गलथानपणा नव्हे. तें जुलमाचें बीज होय. आणि आग लागल्यावर मान कोणाची जाते? दिवा ठेवून निजणाऱ्याची नव्हे, कुणब्याची. महाराजांनीं हें आधींच ओळखलें होतें.

येथें केवळ निषेध नाहीं, हेंही ध्यानांत घ्यावें. वेतन आधीं हातीं पडलें आहे, मग ताकीद आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेल्या पत्रांतही हीच दृष्टि दिसते. गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे, ज्यास बैल नाहींत त्यास बैलांसाठीं पैसा व पोटास धान्य द्यावें, आणि मुद्दल तेवढें, तेंही त्यास शक्ति येईल तसतसें, वाढीदिढी न घेतां उगवावें. या कामीं दोन लाख लाऱ्यांपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असें त्यांत आहे. लारी हें त्या काळचें चांदीचें नाणें.

मी एक साधा शाळामास्तर. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु अधिकार लहान असला तरी तो अधिकारच. एका शाळेंत नादारीचे अर्ज पुढें पाठविण्याचें काम माझ्याकडे होतें. एका विधवेच्या मुलाचा अर्ज माझ्या मेजाच्या खणांत इतर कागदांखालीं राहून गेला. मुदत टळली, फी थकली, आणि कारकुनानें नियमाप्रमाणें मुलाचें नांव कमी केलें. मी त्या कारकुनावर भर कचेरींत संतापलों. मुलगा पुन्हा शाळेंत आला नाहीं. पुढें वर्गांत हें पत्र समजावून सांगतांना कुणब्यांच्या मानांचा उल्लेख आला कीं माझा आवाज अडखळे. मुलांस त्याचें कारण कधीं कळलें नाहीं.

आपणांपैकीं कोणी कचेरींत असेल, कोणी दवाखान्यांत, कोणी घरांत चार माणसांवर हुकूम चालवीत असेल. आपण क्रूर नाहीं, एवढ्यावर समाधान मानूं नये. आपल्या खणांत कोणाचा कागद पडून आहे काय, हें आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं एकदां पाहावें.