ओपनएसएसएच : सर्व्हरवरील स्थापना व अद्ययावतीकरण

दूरच्या सर्व्हरवर कूटबद्ध जोडणीतून काम करण्यासाठीचे मुक्त सॉफ्टवेअर. फिनलंडमधील तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले. त्याच्या जुन्या मुक्त आवृत्तीवरून ओपनबीएसडी प्रकल्पाने १९९९ मध्ये ओपनएसएसएच घडवले. बहुतेक लिनक्स वितरणांत ते एका आदेशाने बसते. सेवा सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवर चालते.

खरी कसोटी अद्ययावत करताना लागते, कारण ज्या वाटेने आत आलो तीच वाट दुरुस्त करायची असते. आधी सेटिंगच्या फाइलची प्रत ठेवावी. नवी आवृत्ती बसल्यावर ‘एसएसएचडी -टी’ हा आदेश देऊन फाइलमधील चुका तपासाव्यात, मगच सेवा पुन्हा सुरू करावी. आधीची जोडणी स्वतंत्र प्रक्रियेत चालत असल्याने सहसा तुटत नाही. ती तशीच ठेवून दुसऱ्या विंडोतून नव्याने लॉगिन होते का ते पाहावे. ही खबरदारी कितीही घाई असली तरी सोडू नये.

२०२१ मधील ८.८ आवृत्तीपासून एसएचए-१ वर आधारलेल्या आरएसए स्वाक्षऱ्या आपोआप स्वीकारल्या जात नाहीत, त्यामुळे काही जुनी उपकरणे जोडली जाईनाशी झाली. जुलै २०२४ च्या ९.८ आवृत्तीने लॉगिनपूर्वीच घुसखोरीला वाव देणारा गंभीर दोष दूर केला. डेबियन, रेड हॅट यांसारखी वितरणे अशा दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतही भरतात. म्हणून मूळ आवृत्ती नव्हे, तर वितरणाचा पॅकेज क्रमांक तपासावा.