साडेसातची उपासना

माझे वडील, आमचे दादा, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. आमच्या घरची उपासना संध्याकाळी साडेसातला व्हायची, आणि ही वेळ काही पाळकसाहेबांनी नेमून दिली नव्हती. दादांची पाळी सुटायची, हातांवरचं काळं तेल रॉकेलने निघायचं, आईच्या भाकऱ्या उतरायच्या, मग सतरंजी. रेल्वेतल्या घरांना गाडीचंच घड्याळ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी सुरू केली, तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टेशनाला ‘बार्शी रोड’ म्हणत. 1906 ला ती पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला. वारकऱ्यांच्या गाडीचे नटबोल्ट आवळून दादा घरी येत आणि ना. वा. टिळकांचं ख्रिस्ती गीत म्हणत. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

रोजच्या घरगुती उपासनेची रीत मात्र रेल्वेहून जुनी. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 पासून अहमदनगरला ठाण मांडून बसले आणि पुढे सोलापूरकडे आले. कर्त्याने घरातल्या सगळ्यांना बसवून शास्त्र वाचायचं, ही त्यांची शिस्त. तिच्यात रस ओतला तो आपल्याच माणसांनी. कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग दिले. (त्यांच्या लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली की कळतं, ख्रिस्ती घर म्हणजे शांत घर असा अर्थ कधीच नव्हता.)

आमचंही नव्हतं. आम्ही पाच भावंडं, त्यात काका-काकू शेजारच्या क्वार्टरात. म्हणून आईने मत्तयाच्या पाचव्या अध्यायातून एक नियम काढला होता: ज्यांचा अबोला असेल त्यांनी समोरासमोर बसायचं आणि बोलल्याखेरीज गीत सुरू व्हायचं नाही. पाटीपेन्सिलीवरून मी थोरल्या भावाशी फुगून बसले, की सगळं घर, भुकेलेल्या काकांसकट, आमच्या तोंडाकडे बघत राही. पाहुणा असला तरी सुटका नसे. खरी उपासना ती पाच मिनिटंच होती असं मला वाटतं. पुढचं सगळं पाठ होतं.

मग रेडिओ आला. पोस्टात त्याचं लायसन भरावं लागे आणि ते पुस्तक दादा बायबलाशेजारी ठेवत. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागायची; 1952 पासून साऱ्या देशाला ते वेड होतं. त्यामुळे बुधवारचा शास्त्रपाठ आमच्याकडे भलताच छोटा असे. स्तोत्र 117 मध्ये दोनच वचनं आहेत, हा शोध काकांनी लावला. आई रागावायची, पण रेडिओ बंद करा असं ती कधी म्हणाली नाही. त्याला वेळ होती. आठला सुरू, नऊला बंद. आपण त्याच्या अलीकडे बसायचं किंवा पलीकडे.

लग्न होऊन मी माढ्याला आले, शाळेत लागले. इथे आमच्यासारखी घरं मोजकीच, म्हणून रविवारी देवळासाठी, म्हणजे चर्चसाठी, कुर्डुवाडी गाठायची. 25 जानेवारी 1987 ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, तेही रविवारी सकाळी साडेनऊला. माढेश्वरी मंदिराच्या रस्त्यावर त्या वेळी चिटपाखरू नसे. एसटीही रिकामी. आमच्या मंडळीने चार रविवार वाट पाहिली आणि उपासना एक तास अलीकडे ओढली. उपदेशही आटोपशीर झाला. वेळ बदलून जुळवून घ्यायला आम्ही बार्शी लाईटच्या दिवसांपासून शिकलो होतो.

मोबाइलने घोटाळा केला तो इथेच. लोक म्हणतात त्याने माणसं तोडली. मला तेवढं पटत नाही. रेडिओ चालू असतानाही काका आमच्याशी बोलत नसतच. पण मोबाइलचा कार्यक्रम संपत नाही, म्हणून त्याच्या अलीकडे-पलीकडे बसायला जागाच नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हे बरोबर ओळखलं. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. दादांच्या पिढीला भोंगा कामावर बोलवायचा, या पोरांना तो घरात बोलावतो.

आमच्या घराने मोबाइल बंद केला नाही, तसं करणं परवडणारही नव्हतं. 2020 चा गुड फ्रायडे 10 एप्रिलला आला, तेव्हा टाळेबंदीमुळे देवळाला कुलूप होतं. ते 16 नोव्हेंबरला निघालं. मधल्या महिन्यांत पुण्याची लेक, नगरचा भाऊ, माढ्यात आम्ही, सगळे पडद्यावर चौकोनांत बसून गीतं म्हणायचो, प्रत्येकाचा सूर मागेपुढे. त्यातून ही सवय उरली. फक्त आईचा नियम चालेना. माझे दोन्ही मुलगे घराच्या वाटणीवरून एकमेकांशी बोलत नव्हते. एकाचा कॅमेरा बंद, दुसऱ्याचा माइक. अशा दोघांना समोरासमोर कसं बसवणार? शेवटी सांगितलं, आपसात बोलणार नसाल तर कॉल लावू नका, आणि पुढच्या शनिवारी दोघांना माढ्याला बोलावलं. धाकटा इंटरसिटीने आला, थोरला मोटारीने. जेवणाआधी सतरंजी घातली आणि फोन फ्रिजवर ठेवायला लावले. भाकरी गार होईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. मग धाकट्याने विचारलं, गाडी कुठे लावलीस?