१७५ म्हणजे ७! (अर्थात प्लगच्या नंबरांचा इतिहास)

वसईत इतिहास म्हटलं की किल्ला, चिमाजी अप्पा आणि १७३९ साल. त्यावर जाणकारांनी भरपूर लिहून ठेवलंय, मी काय वेगळं सांगणार! म्हणून या शनिवारी जरा वेगळा इतिहास. अंगठ्याएवढ्या वस्तूवर कोरलेला, आणि गाडी बंद पडेपर्यंत कोणी ढुंकूनही न पाहिलेला. स्पार्क प्लगचा.

निमित्त आहे गिरीजच्या आमच्या काकांची चेतक. जुनी, टू-स्ट्रोक, बाजूला तिरकी करून किक मारायची. वाडीतला भाजीपाला, दुधाचे कॅन, आम्ही पोरं, सगळं तिने वाहिलंय. डिकीत कापडात गुंडाळलेला एक जास्तीचा प्लग कायम असतो, त्यावर १७५ हा आकडा. नवीन प्लग आणायला गेले, तर दुकानातल्या पोराने ७ नंबरचा काढून दिला. काका वैतागले. "अरे, इतकी वर्षं एकशे पंचाहत्तर टाकतोय, आणि हा मला सात देतो? फसवतोय की काय?"

पोरगा फसवत नव्हता. जुना १७५ म्हणजेच नवा ७. पण हे असं का, हे त्यालाही सांगता येईना. मग मीच खणायला घेतलं.

आधी थोडं मागे जाऊ. १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लेनुआर यांनी गॅसवर चालणारं इंजिन बनवलं आणि त्यात विजेच्या ठिणगीने स्फोट घडवला. कल्पना छान, पण भरवशाची ठिणगी ही पुढची चाळीस वर्षं मोटारवाल्यांची डोकेदुखी होऊन बसली. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या श्टुटगार्टच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरने हाय-व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला, तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला. इतका सुटला, की पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा ब्रिटनचे बहुतेक मॅग्नेटो शत्रूच्याच देशातून, म्हणजे बॉशकडून येत होते! मग घाईघाईने तिकडे कारखाने उभे राहिले.

आता आपला संबंध. प्लगमध्ये हजारो व्होल्ट येतात, ते भलतीकडे जाऊ नयेत म्हणून आत इन्सुलेटर लागतो. त्या काळातल्या विमानांच्या प्लगमध्ये हे काम बऱ्याचदा अभ्रक करायचं, आणि उत्तम अभ्रकाचा मोठा साठा होता बिहारमध्ये, आजच्या झारखंडातल्या कोडरमा भागात. म्हणजे खाण आपली, विमान त्यांचं, आणि तयार प्लग पुन्हा विलायतेहून आपल्याकडे! कच्चा माल देऊन पक्का माल विकत घ्यायची ती जुनीच गोष्ट. १९३०च्या दशकात अ‍ॅल्युमिनाचं सिरॅमिक आलं आणि अभ्रक मागे पडलं. आज प्लगवर दिसतो तो पांढरा भाग म्हणजे हेच सिरॅमिक.

बॉशचा माल भारतात १९२२ पासून विकला जात होता. १९५१ मध्ये बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, स्थापन झाली आणि बॉशच्या तंत्राने इथेच उत्पादन सुरू झालं. नाशिककर आता म्हणतील, आमचं मायको सर्कल! बरोबर, पण नाशिकच्या कारखान्याची ओळख डिझेल इंजिनाच्या नोझल-इंजेक्टरची. डिझेलला स्पार्क प्लग लागतच नाही. आयातीवर बंधनं, बाजारात मोजकीच नावं, त्यामुळे जसं वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसा प्लग म्हणजे मायको होऊन गेला. २००८ मध्ये कंपनीने नाव बदलून बॉश केलं, पण जुन्या मेकॅनिकच्या तोंडी आजही मायकोच.

आणि आकुर्डीहून निघालेली चेतक १९७२ची. त्याआधी बजाज व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटरी बनवत असे. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची तो काळ. एवढ्या प्रतीक्षेनंतर घरात आलेली गाडी लोक जिवापाड जपणारच. प्लगचा नंबर तोंडपाठ असणं हा त्या जपण्याचाच भाग होता.

आता मुद्द्याचं. या नंबराचा अर्थ काय?

प्लगच्या टोकाला एक ठराविक तापमान लागतं. साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते स्वतःवरची काजळी जाळून साफ राहतं. त्याखाली राहिलं तर काळं पडतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असल्याने तर लवकरच. उलट ८५० अंशांच्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. याला प्री-इग्निशन म्हणतात, आणि ते चालू राहिलं तर पिस्टनला चक्क भोक पडतं. या दोन टोकांमध्ये राहायचं, तेही टू-स्ट्रोकच्या दर फेऱ्याला एक ठिणगी टाकत. ३००० आरपीएमला सेकंदाला ५०! गिरीजहून वसई स्टेशन गाठायला वीस मिनिटं धरली तर साठ हजार ठिणग्या झाल्या. (आमच्या ऑफिसातला सर्व्हर एवढं काम करून दाखवेल तर शपथ.)

इंजिन जितकं तापट, तितकी उष्णता भराभर बाहेर टाकणारा प्लग हवा. त्याला 'थंड' प्लग म्हणतात. उष्णता धरून ठेवणारा तो 'गरम'. हे मोजायची बॉशची जुनी पद्धत झकास होती. प्लग चाचणीच्या इंजिनात लावायचा, ठराविक परिस्थितीत चालवायचा आणि किती सेकंदांनी प्री-इग्निशन होतं ते बघायचं. ते सेकंद म्हणजेच नंबर! १७५ म्हणजे त्या परीक्षेत १७५ सेकंद टिकलेला गडी. मोठा आकडा, जास्त टिकाऊ, म्हणून जास्त थंड.

पुढे बॉशने ही मोजणी सोडून एक-दोन आकडी कोड आणले, आणि दिशाच उलटी केली. जुना १४५ झाला ८, १७५ झाला ७, २२५ झाला ५. म्हणजे आता लहान आकडा थंड. बरं, सगळ्या कंपन्यांनी तरी एकच पद्धत ठेवावी की नाही? जपानच्या एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड. चॅम्पियनमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. आमच्या धंद्यातल्या लोकांना बिग-एंडियन आणि लिटल-एंडियनचं भांडण माहीत असेल, हे तसंच, फक्त इथे चुकलं तर प्रोग्राम नाही, पिस्टन क्रॅश होतो.

म्हणजे बॉशचा ७ आणि एनजीकेचा ७ एक नव्हेत. बॉशच्या ७च्या जवळचा एनजीके साधारण ६ येतो. "दोन्ही सातच आहेत ना, बसवा" म्हणणाऱ्या दुकानातून शांतपणे बाहेर पडावं.

दुसरी भानगड पेट्रोलची. जुनी मॅन्युअल्स लिहिली गेली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं, आणि त्याचा थर प्लगवर साचायचा. चार महानगरांत १९९५ मध्ये शिसेविरहित पेट्रोल आलं आणि २००० साली शिसं देशभरातून गेलं. आता इथेनॉल. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो, पण काकांच्या चेतकच्या कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेतलं एक ठराविक भोक! त्याला काय कळतंय? मिश्रण 'सुकं' होतं आणि इंजिन जास्त तापू शकतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि वसईचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकीतल्या जुन्या पेट्रोलवर फार विश्वास ठेवू नये.

मग जुन्या गाडीला प्लग घ्यायचा कसा?

पहिलं, मॅन्युअल शोधा. त्यातला नंबर कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या काळातला हे बघा, आणि मगच आजचा नंबर काढा.

दुसरं, आट्यांची लांबी. व्यास बहुधा १४ मिलिमीटरच असतो, पण लांबी १२.७ही असते आणि १९ही. आखूडच्या जागी लांब प्लग बसवलात तर तो थेट पिस्टनवर आदळू शकतो. जुना प्लग खिशात घालून दुकानात जा आणि शेजारी धरून बघा.

तिसरं, गॅप. जुन्या पॉइंटवाल्या गाडीची ठिणगी मुळात अशक्त. मॅन्युअलमध्ये ०.६ मिलिमीटर असेल तर तेवढाच ठेवा. नंबरात आर असलेला रेझिस्टर प्लगही अशा गाडीला विचारूनच टाकावा.

चौथं, आठवडाभर चालवून प्लग काढून बघा. फिकट तपकिरी म्हणजे उत्तम. काळा-ओला म्हणजे ऑइल किंवा पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे सुकं मिश्रण, आणि आजच्या पेट्रोलवर हाच रंग जास्त जपून बघायला हवा. पण उपाय म्हणून लगेच प्लगचा नंबर बदलू नका, आधी जेट बघा. थंड प्लगने इंजिन थंड होत नाही, फक्त प्लगचं टोक थंड राहतं!

काकांना एवढं सगळं सांगितलं नाही. दोन्ही प्लगच्या आटे शेजारी लावून दाखवले, सेकंदांची गोष्ट सांगितली. त्यांनी ७ नंबर बसवला, गाडी दुसऱ्या किकला सुरू.

खरी काळजी वेगळीच आहे. टू-स्ट्रोक चेतक कधीच बंद झाली. २०२०च्या सुरुवातीला त्याच नावाने रस्त्यावर आली ती इलेक्ट्रिक. तिलाही प्लग आहे म्हणा, पण तो भिंतीत खुपसायचा :-) जुन्या गाड्यांचे ब्लॉक-पिस्टन मिळणं अवघड होत चाललंय आणि १७५ म्हणजे ७ हे न बघता सांगणारे मेकॅनिक एकेक करून गॅरेज बंद करतायत. त्यांचं ज्ञान कुठल्या विकीवर नाही, ते त्यांच्या काळ्या बोटांत आहे. तुमच्या घरी, गावी अशी एखादी स्कूटर असेल, तर या रविवारी तिचा प्लग काढा, नंबर बघा आणि एखाद्या जुन्या मेकॅनिकला त्याचा अर्थ विचारा. आणि जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा. गाडीच्या मॅन्युअलमध्येच, शेवटच्या कोऱ्या पानावर.