नांगर, मासिक आणि गिऱ्हाईक

भगिनींनो, गेल्या दिवाळीत आपल्या मंडळाने फराळाची मागणी मोबाईलवरील गटात नोंदवून घेतली, तेव्हा एका शेजारणीने सर्वांदेखत विचारले, "फोटो छान आहे, पण चकली कुरकुरीत असेल कशावरून?" काहीजणींना ते लागले. मला मात्र लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर आठवला.

लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करू लागले. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचे माळरान दिले आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली.

माल चांगला होता, पण घेणार कोण? लाकडी नांगर शेतकऱ्याच्या वाडवडिलांपासूनचा. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत होती, आणि नांगर खपवता खपवता लक्ष्मणरावांचा जीव मेटाकुटीला आला. शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पण एक हंगाम फसला तर वर्षभर घरात दाणा कोठून येणार, हे त्यालाच ठाऊक! जाहिरातीतल्या चित्रावर भुलणे त्याला परवडणारे नव्हते. लोखंडी फाळ माती खोलवर उलथतो, तणाची मुळे वर काढतो, हे शेजारच्या रानात डोळ्यांनी पाहिले म्हणजे मग बोलणे निराळे.

नांगराचे नाव झाल्यावर १९२० साली कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. हे मूळचे चित्रकार. आरंभी तिचा हेतू कारखान्याची व मालाची माहिती देण्याचा होता. परंतु नुसती आपलीच टिमकी वाजवणारे पत्र कोण पुन्हा उघडील? शंकररावांनी ते ओळखले. उद्योगधंदा, स्वावलंबन, समाजसुधारणा असे वाचकाच्या संसाराला उपयोगी पडणारे विषय त्यात येत गेले आणि कारखान्याची 'खबर' घराघरांत वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक झाली. ज्या घरात नांगर कधी जाणार नव्हता, तेथेही कारखान्याचे नाव पोचले. १९३० साली खास आपल्यासाठी 'स्त्री' निघाले आणि १९३४ साली 'मनोहर'. 'स्त्री'त बायकांचे शिक्षण, विवाह, मिळकत यांविषयी मोकळेपणाने लिहिले जाई. ते सर्वांनाच रुचत असे, असे मात्र नव्हे.

आज हेच काम सोशल मीडियावर करू पाहणारे बहुतेकजण 'घ्या, घ्या' यापलीकडे जात नाहीत. आम्हीही नव्हतो गेलो.

त्या शेजारणीला आम्ही तळणाच्या दिवशी बोलावले. तिने दोन चकल्या खाल्ल्या आणि मोहन कमी पडल्याचे सांगितले. ते खरेच होते. पुढचा घाणा आम्ही सुधारला आणि तिचे म्हणणे गटात जसेच्या तसे लिहिले. दुसऱ्या दिवशी तिनेच दोन किलोंची मागणी नोंदवली.