बाबूराव पेंटर : एका कारागिराची कलासाधना

चित्रकला, मूर्तिकला, यंत्रविद्या आणि चित्रपट अशा अनेक क्षेत्रांत ज्याचा हात चालतो, त्यास 'अष्टपैलू' म्हणून आपण मोकळे होतों. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या (१८९०–१९५४) वांट्यास हें विशेषण वारंवार आलें आहे. आमच्या मतें त्यानें त्यांचें खरें स्वरूप झांकलें जातें. कामें अनेक होतीं खरीं. पण तीं करणारी वृत्ति एकच होती, आणि ती कारागिराची.

मेस्त्री हें त्यांचें मूळ आडनांव. वडील कृष्णराव हे कसबी कारागीर होते. अशा घरांत कुंचला हें कलेचें साधन आणि पटाशी हें पोटापाण्याचें, असा भेद मुलास कोण शिकविणार? चुलतबंधु आनंदराव यांच्यासह बाबूरावांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले आणि त्यांतूनच 'पेंटर' हें नांव पडलें. सपाट कापडावर राजवाड्याची खोली भासविणें, ही त्या विद्येची कसोटी.

१९१३ सालीं फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि ह्या बंधूंस हलत्या चित्रांचें वेड लागलें. चित्रपट दाखविण्याचें एक जुनें यंत्र त्यांनीं मुंबईच्या बाजारांतून आणलें; त्यावर इतरांचे चित्रपट दाखवावे आणि त्या निमित्तानें यंत्राची रचना समजून घ्यावी, असा क्रम सुरू झाला. १९१६ सालीं आनंदराव वारले. तरी बाबूरावांनीं दामल्यांच्या साह्यानें स्वदेशी कॅमेरा तयार केलाच. महाराष्ट्र फिल्म कंपनीस भांडवल देण्यास पुढें आल्या त्या तानीबाई कागलकर. चित्रपटाच्या इतिहासांत हें नांव इतकें मागें कां पडावें, हें आम्हांस कळत नाहीं.

१९२० च्या 'सैरंध्री'पासून बाबूरावांची खरी प्रज्ञा दिसूं लागते. ज्यानें पडदे रंगवून नांव मिळविलें, त्यानें चित्रपटांत मात्र पडदा बाजूस सारला व भरींव देखावे उभारण्याचा मार्ग धरला. ह्यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. पडद्याची फसवणूक कोठें उघडी पडते, हें पडदा रंगविणाराइतकें कोणास ठाऊक असणार? चित्रकारानें रंगविलेली सावली जागची हलत नाहीं. नटाची सावली प्रकाश नेईल तिकडे जाते. पुढें 'सिंहगड' (१९२३) ह्या चित्रपटांत त्यांनीं कृत्रिम प्रकाशहि वापरला. लोकमान्यांनीं त्यांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली होती.

त्यांचा नित्याचा उद्योग पाहिला म्हणजे त्यांची वृत्ति अधिक कळते. प्रसंग चित्रित करण्यापूर्वीं तो कागदावर रेखाटावयाचा, वेषभूषा स्वतः योजावयाची, जाहिरातीचें भित्तिचित्रहि आपणच काढावयाचें. 'सावकारी पाश' (१९२५) मध्यें हीच दृष्टि देवादिकांस सोडून कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याकडे वळली. पौराणिक अद्भुतास सरावलेल्या प्रेक्षकांनीं त्याचें फारसें स्वागत केलें नाहीं. आम्हीं मात्र त्यास त्यांच्या सर्व कृतींत पहिलें स्थान देऊं.

परंतु प्रत्येक वस्तु आपल्याच हातून उतरावी हा आग्रह कारखान्यास झेपत नाहीं. १९२९ सालीं दामले, फत्तेलाल, शांताराम हे तयार झालेले शिष्य बाहेर पडले आणि 'प्रभात'चा जन्म झाला. गुरूची कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाहीं. बाबूराव पुनः रंगांकडे व मातीकडे वळले. बोलपट त्यांनीं मोजकेच केले. १९३६ सालीं 'सावकारी पाश' पुनः काढला, तोहि त्यांतलाच. त्यांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहींत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती जळे तरी किंवा कुजे तरी. १९४७ सालीं 'लोकशाहीर रामजोशी'च्या दिग्दर्शनासाठीं ते शिष्याच्या, शांतारामांच्या, राजकमल संस्थेंत गेले, आणि त्या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून गुरु व शिष्य अशीं दोन्हीं नांवें लागलीं.